गेम सोडवायचा नाही, गेम शिकायचा : पालकांशी थोडं भांडण

"डॉक्टरसाहेब, ह्याचा गेम सोडवा."

खोकला, ॲसिडिटी आणि गुडघेदुखीच्या खालोखाल आता हे वाक्य ओपीडीत ऐकू येतं. सावेडी-केडगावातून येतं, पारनेर-शेवगावकडूनही येतं. बोलणारे वडील असतात, शेजारी मान खाली घालून बसलेला बारा ते सतरा वर्षांचा मुलगा असतो आणि आई मध्येच "रात्री नीट जेवत पण नाही" अशी भर घालते. मी वडिलांना एकच प्रश्न विचारतो, "कोणता गेम खेळतो?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "काय माहीत, ती मारामारीची."

आजच्या लेखात मी मुलांना नाही, तुम्हाला बोलणार आहे. रागवायचं असेल तर आत्ताच रागवून घ्या. तुमचा मुलगा रोज तास-दीड तास ज्या गोष्टीत घालवतो तिचं नावही तुम्हाला ठाऊक नसेल, तर ती सोडवायची घाई कशाची? मुलगा तालमीत जात असता तर वस्तादांचं नाव, तालमीची वेळ, त्याला ढाक लागते की नाही, हे सगळं तुम्ही मला न विचारता सांगितलं असतं. २०२५ च्या सुरुवातीला नगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा दवाखान्यात प्रत्येक जण पंच कुठे चुकले ते सांगत होता. म्हणजे दोन माणसांची झुंज बघण्याची आणि समजून घेण्याची हौस आपल्याला आहेच. फक्त ती पडद्यावर आली की आपण तिला रोग म्हणतो.

माझं म्हणणं सरळ आहे. मुलगा फायटिंग गेम खेळत असेल तर तो गेम तुम्ही स्वतः थोडासा शिका. रोज पंधरा मिनिटं, पंधरा दिवस. आणि पोरांनो, आईवडिलांच्या खांद्यावरून तुम्हीही हे वाचत असाल तर ऐकून ठेवा. नवख्या माणसाला शिकवण्याची तुमची पद्धत भयंकर आहे. त्याबद्दलही लिहिणार आहे.

आधी आजाराचा मुद्दा संपवू. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर' घेतला आहे. २०१९ मध्ये ही यादी मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्याची व्याख्या वाचा. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा गेम मोठा होतो, नुकसान दिसत असूनही खेळणं चालू राहतं किंवा वाढतं, आणि यामुळे शाळा, घर, नाती यांत ठळक बिघाड होतो. हे सगळं साधारण बारा महिने चाललेलं असावं लागतं. शाळेत जाणारा, मित्र असलेला, क्रिकेटलाही जाणारा आणि रात्री साडेदहापर्यंत गेम खेळणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही. त्याला झोपेची वेळ ठरवून द्यायला हवी, गोळ्या नकोत. जो खरंच बसतो त्याला मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो आणि तिथे हा लेख पुरेसा नाही. पैसे लावून खेळायचे ऑनलाईन गेम हा तर वेगळाच विषय आहे. त्यांच्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. त्या पापाची पावती फायटिंग गेमवर फाडू नका, एवढंच.

आता एका वडिलांची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मी त्यांना सांगितलं, "घरी जा आणि पोराला म्हणा, मला शिकव." आठ दिवसांनी आले. चेहरा पडलेला. "साहेब, दोन मॅच खेळलो. पहिल्यात मी काय दाबतोय तेच कळेना. दुसऱ्यात ह्यानं मला एक फटका मारू दिला नाही. पडद्यावर 'परफेक्ट' असं आलं आणि हा हसला. मी ठेवून दिलं. आपल्या डोक्यातलं काम नाही ते."

मी मुलाला विचारलं, "तू काय शिकवलंस पप्पांना?"

"सांगितलं ना सर, कॉम्बो कसा मारायचा ते. पप्पांना जमलंच नाही."

चूक नेमकी इथे आहे. मुलाने वाईट हेतूने काही केलं नाही. त्याला येतं तसं त्याने दाखवलं. पण तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी धोबीपछाड मारून 'आता शिकलास' म्हणतो का? आधी हौद्यातली माती उकरायला लावतो. जोर-बैठका काढायला लावतो. पुढे स्वतः समोर उभा राहतो आणि पठ्ठ्याला डाव बसवू देतो, मुद्दाम बसवू देतो, अंगाला कळावं म्हणून. शिकवणाऱ्याने आपली ताकद आवरून धरायची असते. हे शहाणपण आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि कंट्रोलर हातात आला की आपण ते विसरतो.

पप्पांच्या डोक्यात त्या वेळी नेमकं काय झालं ते समजून घ्या, कारण ते वयाचं किंवा अडाणीपणाचं लक्षण नाही.

नवी हालचाल शिकताना माणूस आधी प्रत्येक पायरी विचार करून करतो. सायकल, गाडीचा क्लच, इंजेक्शन देणं, सगळीकडे हेच. या टप्प्यावर मेंदूचा पुढचा भाग, जो जाणीवपूर्वक विचार करतो, तोच सगळा भार उचलतो आणि त्याची झोळी लहान असते. एका वेळी तीन-चार गोष्टींच्या वर त्यात मावत नाहीत. सरावाने हीच हालचाल मेंदूच्या खोलवरच्या भागांकडे जाते आणि मग बोटं आपोआप चालतात. मुलगा त्या दुसऱ्या टोकाला आहे. आपण कधीकाळी पहिल्या टोकाला होतो हे त्याला आठवतही नाही. म्हणून तो पंधरा गोष्टी एका दमात सांगतो. टेकनमध्ये एकेका पात्राच्या यादीत शंभराच्या वर चाली असतात. ती यादी नवख्यापुढे उघडणं म्हणजे पहिलीच्या पोराच्या हातात अख्खा शब्दकोश देणं.

दुसरी गोष्ट पर्यायांची. १९५२ मध्ये हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की समोर पर्याय जितके जास्त, तितका निर्णयाला वेळ जास्त लागतो. एकच दिवा लागणार आणि एकच बटण दाबायचं असेल तर निरोगी माणूस साधारण पाव सेकंदात ते दाबतो. आठ दिवे आणि आठ बटणं असतील तर तोच माणूस अडखळतो. नवखा घाबरून सगळी बटणं एकदम बडवतो ते यामुळेच. मेंदूला निवड जमत नाही, वर मार पडतोय, हृदयाचे ठोके वाढलेत, मग हात मिळेल ते दाबतो. पोरं त्याला हसतात.

आणि आता एक हिशेब, जो ऐकून बहुतेक पालकांचा जीव भांड्यात पडतो. हे गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवतात, म्हणजे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांचं. टेकनमधला सर्वांत वेगवान साधा ठोसा बाहेर यायला साधारण दहा चित्रं लागतात, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. स्ट्रीट फायटरमधला तर चारच चित्रांत येतो. पाव सेकंदाच्या आत काही ओळखून अडवणं माणसाच्या मज्जासंस्थेला शक्य नाही. तुम्हालाही नाही आणि तुमच्या मुलालाही नाही. मग तो कसा अडवतो? तो बघून अडवत नाही. आता काय येणार याचा अंदाज त्याला अनुभवाने आलेला असतो आणि तो आधीच अडवून बसलेला असतो. तेव्हा 'पोरांचे हात विजेसारखे, आपले कुठे' हे डोक्यातून काढून टाका. वयाने प्रतिक्रियेचा वेळ थोडा वाढतो हे खरं आहे, पण हरण्याचं कारण ते नाही.

उलट एक गोष्ट अशी आहे जी साठीतला माणूसही बघून करू शकतो. स्ट्रीट फायटरमध्ये समोरच्याने उडी मारली तर तो हवेतून खाली यायला साधारण पाऊण सेकंद लागतो. पाऊण सेकंद म्हणजे भरपूर वेळ. मात्र तुम्ही फक्त उडीचीच वाट बघत असायला हवं.

शिकवायला सुरुवात इथून करायची.

पहिल्या दिवशी लढाई नाहीच. गेममध्ये सरावाची जागा असते, ट्रेनिंग मोड. तिथे समोर एक पुतळा उभा असतो, तो मारत नाही. पप्पांना फक्त पुढे-मागे चालू द्या, बसू द्या, उडी मारू द्या. दहा मिनिटं. कंटाळवाणं वाटेल, पण बोटांना दिशा कळायला एवढा वेळ लागतोच. टेकन असेल तर सोपं आहे, कारण त्यात चार बटणं म्हणजे चार अवयव: डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. हे एकदा सांगितलं की माणूस स्वतःच्या शरीराशी जोडून घेतो. स्ट्रीट फायटरमध्ये सहा बटणं असतात, तीन ठोशांची आणि तीन लाथांची, हलकी-मध्यम-जोरदार अशी. पण २०२३ मध्ये आलेल्या स्ट्रीट फायटर ६ मध्ये 'मॉडर्न' नावाची सोपी पद्धत आहे. तिच्यात एक दिशा आणि एक बटण दाबलं की मोठी चाल येते. तशी काढलेली चाल थोडी कमी लागते एवढंच. "ही चिटिंग आहे" म्हणणाऱ्या पोरांकडे दुर्लक्ष करा. लहानपणी त्यांच्याही सायकलला मागे दोन छोटी चाकं होती.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी राखण. मागे दाबून धरलं की पात्र मार अडवतं. शिकवणाऱ्याने सावकाश, आधी सांगून मारायचं. "पप्पा, आता वरून मारतो. आता खालून." तेवढं जमलं की गेमचं खरं सूत्र सांगा आणि ते दगड-कागद-कात्रीसारखंच आहे: मार हा राखणीपुढे हरतो, राखण पकडीपुढे हरते आणि पकड मारापुढे हरते. कुस्ती पाहिलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. नुसता बचाव करत बसलेल्याला धरून पाडतात, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

मग ती उडी. मुलाने पाच मिनिटं दुसरं काहीही करायचं नाही, फक्त अधूनमधून उडी मारून यायचं. वडिलांनी एकच काम करायचं: उडी दिसली की वरचा फटका. एक दिवा, एक बटण. पहिल्यांदा मुलगा हवेतून खाली कोसळतो तेव्हा वडिलांच्या चेहऱ्यावर काय येतं ते बघण्यासारखं असतं.

कॉम्बो दुसऱ्या आठवड्यात, आणि तोही दोन फटक्यांचा. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये कॉम्बो ही मूळ योजनाच नव्हती. बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं की एक फटका दुसऱ्याला जोडला जातोय, आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. म्हणजे ज्या गोष्टीपासून तुमची मुलं शिकवायला सुरुवात करतात, ती खेळात मुळात अपघाताने आलेली आहे.

सराव थोडा आणि रोज, मध्ये झोप. बोटांच्या ठरावीक क्रमाच्या हालचालींवर झालेल्या प्रयोगांत दिसलं आहे की रात्रीच्या झोपेनंतर तीच हालचाल, मध्ये काहीही सराव न करता, जास्त वेगाने आणि बिनचूक होते. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं चांगली. मुलाला रात्री जागू नको म्हणायला तुम्हाला हे एक कारणही मिळतं, आणि ते त्याला पटतं, कारण त्याला जिंकायचं असतं. 'डोळे खराब होतील' त्याला कधी पटलेलं नाही.

फायटिंग गेमचा एक गुण पालकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा. एक राउंड दीड मिनिटाच्या आसपास किंवा त्याआधीच संपतो, तीनपैकी दोन जिंकले की मॅच संपली. शंभर जणांच्या त्या बंदुकीच्या गेममध्ये मुलगा "आत्ता सोडता येत नाही" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. मध्येच उठला तर चमूचं नुकसान होतं. इथे मात्र दर पाच मिनिटांनी थांबायची जागा आपोआप येते. "अजून दोन मॅच आणि झोप" हा करार पाळता येतो. पण तो करार करायला मॅच किती वेळाची असते हे तुम्हाला माहीत हवं. वायफाय बंद करणाऱ्या वडिलांना ते माहीत नसतं.

आता तुमचे आक्षेप. "मारामारी शिकून मुलगा मारका होईल." अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये याबाबतचा आपला ठराव पुन्हा तपासला. आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी थोडा संबंध त्यांना दिसला. प्रत्यक्ष हिंसक गुन्ह्यांशी जोडायला मात्र पुरेसा पुरावा नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. म्हणून सगळे गेम सारखे, असंही नाही. वयाचं लेबल वाचा. अमेरिकेच्या मानांकनात स्ट्रीट फायटर ६ आणि टेकन ८ तेरा वर्षांपुढच्यांसाठी आहेत, तर मॉर्टल कॉम्बॅट सतरापुढच्यांसाठी. त्यात रक्त आणि चिरफाड आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात तो दिसला तर काढून घ्या, त्यात मी तुमच्या बाजूने आहे. पण तो कोणता हे ओळखायला पुन्हा आधी बघावं लागेलच ना?

"आमच्या वेळी असलं नव्हतं." होतं की. नव्वदच्या दशकात गावोगावी एसटी स्टँडच्या आसपास व्हिडीओ गेमची पार्लरं होती, नाणं टाकलं की मशीन सुरू. 'मुस्तफा' आठवतो? त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण आपण सगळे मुस्तफाच म्हणायचो. नंतर सायबर कॅफेत टेकन ३ आला. आज चाळिशीत असलेले अनेक वडील शाळा बुडवून तिथे उभे असायचे आणि आज तेच मला "ह्याचा गेम सोडवा" म्हणतात. तुम्ही बिघडलात का?

"आमच्याकडे ते महागडं मशीन नाही." बऱ्याच घरांत नाही, हे खरं. मोबाईलच्या काचेवर हे गेम शिकणं मात्र अवघड जातं, कारण बोटाला बटणाची कड लागत नाही आणि नजर सारखी अंगठ्याकडे जाते. जुना लॅपटॉप आणि एक साधा यूएसबी कंट्रोलर पुरतो. महाग यंत्रापेक्षा समोर बसणारं माणूस महत्त्वाचं. लाहोरच्या अर्सलान ॲशने २०१९ मध्ये एकाच वर्षात जपानची आणि अमेरिकेची, अशा दोन्ही 'ईव्हो' स्पर्धा टेकनमध्ये जिंकल्या. तो घडला तो गल्लीतल्या आर्केडमध्ये, शेजारी उभ्या राहणाऱ्या तगड्या खेळाडूंविरुद्ध. हिंदुस्थानात आपण असं कोणाला शेजारी उभं राहू देतो?

वैद्यकीय काळजीच्या दोन गोष्टी सांगतो. मुलाला किंवा घरात कुणाला फिट येत असतील, विशेषतः लखलखत्या प्रकाशाने, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे गेम खेळू देऊ नका. १९९७ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने शेकडो मुलं दवाखान्यात न्यावी लागली होती. खोलीत दिवा चालू ठेवा, पडद्यापासून लांब बसा, खेळताना डोळ्यांपुढे विचित्र वाटलं किंवा हात आपोआप झटकला गेला तर लगेच थांबा आणि दाखवायला या. आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब कुठेतरी बघा, किमान वीस फूट. अंगणातलं झाड चालेल.

दुसरी अंगठ्याची. नवखा कंट्रोलर असा आवळून धरतो की जणू तो पळून जाणार आहे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला, दोन कंडरा एका अरुंद बोगद्यातून जातात. सतत ताण पडला की तिथे सूज येते. याला डी कर्व्हेन म्हणतात. तान्ह्या बाळाला सारखं उचलणाऱ्या आयांना हा त्रास फार होतो. घरच्या घरी बघायचं तर अंगठा मुठीत घ्या आणि मूठ हळूच करंगळीकडे झुकवा. अंगठ्याच्या बाजूला जोराची कळ आली तर संशय घ्या आणि दाखवायला या. सुरुवातीलाच विश्रांती आणि पट्टा दिला तर बहुतेकांना एवढ्यावर बरं वाटतं.

ते वडील महिन्याभराने हेच घेऊन आले. या वेळी मुलगा नव्हता, एकटेच होते. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज, मूठ झुकवली की कळ. मी विचारलं, किती वेळ खेळता? "साहेब, अर्धा तास. तो म्हणतो पंधरा मिनिटं, मीच म्हणतो अजून एक." अजून एकही मॅच जिंकलेली नव्हती. पण उडी मारली की आता खाली पाडतात, आणि मुलगा शाळेतलं काय काय सांगत बसतो मॅचच्या मध्ये, असं म्हणाले. मी पट्टा लिहून दिला आणि तीन आठवडे उजव्या अंगठ्याला काम नाही म्हणून सांगितलं.

"बटणं उजव्यानं दाबायची असतात," ते म्हणाले, "पण राखण डाव्या अंगठ्यानं होती. नुसती राखण केली तर चालंल का?"

चालेल म्हटलं. पंधरा मिनिटं.